बाटली गार केलीय

रविवारी सकाळी बाबांचा फोन आला की त्यात एकच वाक्य असायचं. "बाटली गार केलीय." ये म्हणायचं नाही, कशी आहेस विचारायचं नाही. एवढं बोललं की फोन बंद.

त्या रविवारीही ती गेली. बाबांचं काचा कापायचं दुकान खाली, राहणं वर. तळलेल्या माशाचा वास जिन्यातच आला. टेबलावर उकडलेले बटाटे, पाव आणि दोन पेले. बाबांनी बिअर ओतली, मग वाकून, एक डोळा मिटून दोन्ही पेल्यांची पातळी पाहिली. जन्मभर खिडक्यांना काचा बसवलेला माणूस, त्याला उन्नीस-बीस खपत नसे. तिच्या पेल्यात जराशी कमी दिसली, तशी त्यांनी आपल्यातली तिला दिली.

"असू दे हो बाबा, तुम्हाला राहू दे."

"गप गं. मी काय, रोजच पितो. पाणी."

आई गेल्यावर आईचा पेला तिच्यापुढे आला होता. पहिल्याच घोटाला तिचं तोंड वाकडं झालं. बाबांना वाटलं, चव घेतेय. तेव्हापासून घरात ठरूनच गेलं, पोरीला बिअर आवडते. कपाटंच्या कपाटं पुस्तकं वाचलेली बाई, पण 'मला कडू लागते' एवढं तिच्या तोंडून निघालं नाही. कारण मग बाबा फोनवर काय म्हणणार? नुसतं 'ये' म्हणणं त्यांना या जन्मी जमलं नसतं.

माशाचा काटा काढता काढता बाबा म्हणाले, "खरं सांग, बाटली नसती तर या म्हाताऱ्याकडे फिरकली असतीस?"

"छे! कशाला येतेय मरायला?"

बाबा हसले. हसून झाल्यावर मात्र पेल्याकडे जरा जास्तच वेळ बघत बसले. तिला ते दिसलं. तिनं पाव पुढे सरकवला.

बुधवारी दुकानात, हातातली काच अर्धी कापून झालेली असताना बाबा गेले.

माणसं पांगली, मागे आत्या तेवढी राहिली. रविवारी तिनंच जेवायला वाढलं आणि फ्रिजमधून बाटली काढली.

"मंगळवारीच आणून ठेवली होती त्यानं. मी फोनवर म्हटलं, अरे, आत्तापासून घाई कसली? तर म्हणतो, अक्का, ही आहे म्हणून पोरगी येते. नाहीतर माझ्याकडे दुसरं आहे काय?"

आत्यानं पेला काठोकाठ भरला. फेस टेबलावर सांडला.

"घे. तुझ्या आवडीची."

तिनं घोट घेतला. समोरची खुर्ची आत्यानं भिंतीला लावून ठेवली होती. ती उठली, खुर्ची टेबलाशी ओढली आणि परत जागेवर येऊन बसली.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. आत्याचा घास हातातच राहिला. "मला बिअर नाही आवडत. कधीच नाही आवडली. मी तुमच्यासाठी यायचे."