जयवंतरावांच्या खुर्चीवर बसणारी पेटी

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी जळकुकडी आहे. हातभर लांब, सागवानी, झाकणाला चिठ्ठी जाईल एवढी फट असलेली जुनी पेटी मी, आणि जन्मल्यापासून एका खुर्चीवर जळत आले आहे.

सत्तावन्न साली लालबागच्या राजाराम सुतारांनी एकाच ओंडक्यातून आम्हा दोघींना घडवले. आधी खुर्ची केली. तिला वळणदार हात, वेताची बैठक आणि तीन वेळा पॉलिश. उरलेल्या फळ्यांची मी झाले, आणि पॉलिशही तिचेच उरलेले मला मिळाले. सख्ख्या बहिणींत असा दुजाभाव कुणी करते का?

त्या वर्षी परळ, लालबाग, वडाळा, शीव या भागांतून निवडून आलेल्या काही नगरसेवकांनी आपले एक मंडळ केले होते. लोकांची गाऱ्हाणी त्यांनी गोळा करायची आणि अध्यक्षांनी महापालिकेच्या खात्यांना पत्रे लिहून, मागे लागून कामे करून घ्यायची, असे ठरले. खुर्ची अध्यक्षांसाठी होती. अध्यक्षांनी काय केले, हे विचारणाऱ्या चिठ्ठ्यांसाठी मी होते.

अध्यक्ष होते जयवंतराव. गिरणीत कापड विणायचे साचे चालवलेला माणूस. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात त्यांच्या गुडघ्यावर लाठी बसली होती, तुरुंगही झाला होता. परळच्या चाळीतले लहूमास्तर हे मंडळातले दुसरे वजनदार नगरसेवक. पहिल्याच बैठकीत मास्तर म्हणाले, "शाळेत पोरं उभी राहून उत्तर देतात. मग अध्यक्षांना काय वेगळं? उत्तरं होईपर्यंत खुर्चीवर पेटी बसेल, अध्यक्ष उभे राहतील."

सगळे हसले, जयवंतराव सगळ्यांत मोठ्याने. आणि नियम झाला.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दत्ताराम शिपाई मला उचलून खुर्चीवर ठेवी. लहूमास्तर एकेक चिठ्ठी वाचत. गटाराचे पत्र कोणत्या तारखेला गेले? दिव्याच्या खांबाचे काय उत्तर आले? जयवंतराव शेजारी उभे राहून वहीत बघून सांगत. मी मात्र खुर्चीवर ऐसपैस बसलेली असे, आणि ती बिचारी हूं की चूं करू शकत नसे. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस.

मग हार आले. जयवंतराव हार गळ्यात ठेवत नसत, लाजून खुर्चीच्या पाठीवर अडकवत. लोकांना वाटले, हीच इथली रीत. कुणीही आले की खुर्चीला हार घाली, बायाबापड्या तर तिला हात जोडत. झेंडूचे ओले हार, मोगऱ्याचे हार. मित्रांनो, माझा जळून कोळसा झाला. मला कुणी एक पाकळीही वाहिली नाही.

एका रविवारी उभे राहताना जयवंतराव कळवळले. आनंदा नावाचे एक नगरसेवक म्हणाले, "आपल्यासाठी लाठ्या खाल्लेला माणूस. त्याला दर महिन्याला उभं करायचं? लाज वाटते बुवा." सगळ्यांना ते पटले. लहूमास्तरांनाही पटले. कुणी वाईट हेतूने केले नाही, पण त्या दिवसापासून मी कपाटाखाली गेले. दत्ताराम माझ्यात उदबत्त्या आणि हारांचा दोरा ठेवू लागला. ज्या खुर्चीवर मी बसत होते, तिच्या आरतीचे सामान माझ्या पोटात.

साठ साल उजाडले. वडाळ्याला मिठागराकडच्या चाळींतून राधाबाई निवडून आल्या होत्या. तिथे चाळीस घरांना एकही नळ नव्हता. बाया रेल्वे यार्डातून रूळ ओलांडून पाणी आणत. राधाबाईंनी उन्हाळ्याआधी नळ आणण्याचा शब्द दिला होता. त्यांनी विचारले की जयवंतराव म्हणत, "पत्र दिलंय, बाई." पुढे विचारले की बाकीचे म्हणत, "त्यांच्यावर संशय घेता?"

मग राधाबाई कपाटाशी वाकून माझ्यात चिठ्ठी टाकू लागल्या. जानेवारीत एक, फेब्रुवारीत एक, मार्चमध्ये एक. चिठ्ठ्या वाचायला मला कुणी उघडत नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. तरी टाकत होत्या. मी त्या चिठ्ठ्या उदबत्त्यांच्या वासात सांभाळून ठेवल्या.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मोठी बैठक होती. आठवड्याभरात महाराष्ट्र राज्य होणार होते. खुर्ची हारांनी झाकून गेली होती. जयवंतराव बसणार, एवढ्यात राधाबाईंनी मला कपाटाखालून ओढले, पदराने धूळ पुसली आणि हारांनी झाकलेल्या त्या खुर्चीवरच ठेवले.

"अहो बाई, आजच्या दिवशी तरी," आनंदा म्हणाले.

"आजच विचारायचंय," राधाबाई म्हणाल्या. "परवा आमच्या कौसल्येची पोर हंडा घेऊन रुळात पडली. पायाचं हाड मोडलंय तिचं. उद्या राज्य आपलं, माणसं आपली. मग आपल्याच माणसांना विचारायचं नाही, तर कुणाला विचारायचं?"

जयवंतराव खुर्चीचा हात धरून उभे राहिले. लहूमास्तरांनी तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या. तिन्हींत एकच ओळ होती. वडाळ्याच्या नळाचे पत्र कोणत्या तारखेला गेले?

जयवंतरावांनी वही चाळली. पुन्हा चाळली. मग ती मिटून म्हणाले, "पत्र गेलंच नाही. सभा, मोर्चे, त्यात राहून गेलं. देतो म्हणता म्हणता दिलंय म्हणायला लागलो. तारीख कुणी विचारलीच नाही, आणि मीही बघितली नाही."

"ते आमचं चुकलं," लहूमास्तर हळूच म्हणाले.

जयवंतरावांनी तिथेच, उभ्या उभ्या, माझ्या झाकणावर कागद दाबून पत्र लिहिले. मग म्हणाले, "दर महिन्याला पेटी ठेवा खुर्चीवर. गुडघ्याचं माझं मी बघतो."

खरे तर मी आनंदाने फुगायला हवे होते. पण माझ्याखाली वेत करकरला आणि तुटला. ओल्या हारांचे पाणी मुरून बैठक कुजली होती, पाठीचे लाकूड काळे पडले होते. इतक्या लोकांनी तिला हात जोडले, पण हार बाजूला करून एकानेही पाहिले नव्हते. ज्या हारांसाठी मी इतकी वर्षे जळले, त्यांनीच तिचे हे केले होते. मला पहिल्यांदाच तिची कीव आली.

राजाराम सुतारांनी तिला दुरुस्त केले. जूनमध्ये मिठागराकडे नळ आला. जुलैच्या बैठकीत उत्तरे संपली, मला खाली ठेवून जयवंतराव खुर्चीवर बसले, तेव्हा राधाबाई पेढे घेऊन पुढे आल्या. सगळ्यांना वाटले, आता त्या हार घालणार. त्यांनी जयवंतरावांच्या हातावर पेढा ठेवला आणि माझ्या फटीत एक चिठ्ठी टाकली.

तर मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला हार जरूर घाला, पण त्याला विचारणेही सोडू नका. आणि माझ्यासारखी एखादी पेटी कुठे धूळ खात दिसली, तर तिच्यात उदबत्त्या ठेवू नका.

चिठ्ठीत काय होते, ते सांगायचे राहिले. लहूमास्तरांनी ती वाचली तेव्हा जयवंतराव हसले आणि खुर्चीवरून उठून उभे राहिले. लिहिले होते, "नळ आला. त्याला पाणी किती वाजता येणार?"