बेअरिंगची गाडी

“अक्का, ही अजून ठेवलीयस व्हय?” राजशेखरने खाटेखाली हात घातला आणि जुनी लाकडी गाडी बाहेर ओढली.

सिद्धेश्वरीने शिलाई मशीनवरचा पाय थांबवला. मांडीवर शाळेच्या गणवेशांचा ढीग होता. “टाकायची कुटं? असू दे म्हटलं, पडलेली.”

पडलेली काही नव्हती ती. दर दिवाळीला पुसून, बेअरिंगात मशीनचं तेल सोडून सिद्धेश्वरी ती परत खाटेखाली सारायची. इतक्या वर्षांनी गाडी अशी सरसर कशी आली, याचं राजशेखरला काही नवल वाटलं नाही.

तो पुण्याहून वर्षातनं एकदा यायचा, सकाळी येऊन संध्याकाळी परत. यंदा धाकटी लेक ऋतुजा सोबत होती. आई गेल्यापासून सोलापूरच्या या घरात सिद्धेश्वरी एकटीच.

“पप्पा, हिला इंजिन कुठंय?”

“इंजिन कशाला? लूमच्या कारखान्यातनं जुन्या बेअरिंगा मागून आणायच्या, मोडक्या पेटीची फळी, आणि हा सुतळीचा लगाम. झाली गाडी. अख्ख्या गल्लीत कुणाकडं नव्हती असली. वारा असा लागायचा तोंडावर, डोळे उघडत नव्हते.”

सिद्धेश्वरी सुईत दोरा ओवत होती. आता हा आपलं नाव घेईल, म्हणून ती थांबली. दोरा दोनदा चुकला.

तिला वारा आठवत नव्हता. तिला आठवायची भावाची पाठ. घामाने चिकटलेला सदरा, मानेवरचं घामोळं, डोक्यावरचे दोन भोवरे. त्या पाठीला दोन्ही हात लावायचे आणि पिंपळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत अनवाणी पळायचं. टाकी आली की तो धापा टाकत म्हणायचा, जशी काही पळून त्यालाच धाप लागली होती, “अक्का, पुढच्या खेपेला तू बस.” आणि नेमकी तेव्हाच आई भाकरी थापायला हाक मारायची.

ऋतुजाने गाडी गल्लीत नेली, ऐटीत बसली, लगाम ओढला. गाडी ढिम्म.

“पप्पा, पळत नाही ही.”

“अगं, तवा उतार होता हितं. मागनं डांबरी केला, तवा सपाट झाला रस्ता.”

“खरंच उतार होता, आत्या?”

सिद्धेश्वरी उंबऱ्यात उभी होती. भावाचा चेहरा शाळकरी पोरासारखा फुलला होता. तिने तळहात पदराला पुसले.

“आसंल की,” ती म्हणाली. “लई दिवस झाले.”

चहा झाला, शेंगाचटणीची पिशवी भरून झाली. “येतो अक्का, जप,” म्हणत राजशेखरने मोटार सुरू केली. ऋतुजाने काचेतून हात हलवला, वळणापर्यंत.

लाकडी गाडी गल्लीतच राहिली होती. आत घ्यायला म्हणून सिद्धेश्वरी वाकली, इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तिने नेसूचा घोळ आवरला आणि फळीवर बसली. पाय पुढच्या आडव्या लाकडावर टेकवले, लगाम धरला.

समोर टाकीपर्यंतचा रस्ता मोकळा दिसत होता. मध्ये कुणाची पाठ नव्हती.

गाडी जागची हलली नाही. तरी ती बसून राहिली थोडा वेळ, पाठ ताठ ठेवून.