न बदललेला विषाणू

कोंबड्यांचे रोग तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिलाही चांगलंच ठाऊक होतं. साहेबसुद्धा तिच्या निकालावर डोळे मिटून सही ठोकत. घरी तर विचारूच नका. ताई म्हणाली म्हणजे झालं!

दादाच्या पोल्ट्रीतल्या काही कोंबड्या मलूल झाल्या, तेव्हा त्याने फोन करकरून तिला भंडावून सोडलं. तिने घाईघाईत चाचणी लावली. निकाल आला, बर्ड फ्लू. बाकीच्या कोंबड्या खुशाल दाणे टिपत होत्या, पण निकालापुढे कोण बोलणार? सरकारी माणसं आली आणि शेडमधल्या सगळ्या कोंबड्या मारून, पुरून गेली.

मग खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायलाच हवं होतं. ते धाकट्या भावाच्या डोक्यावर फुटलं. पक्ष्यांच्या बाजारात तोच जायचा आणि शेडमध्येही तोच राबायचा. ताईनेच त्याला फोनवर फैलावर घेतलं, "बाजारातून आलास आणि तसाच आत शिरलास ना? कपडे बदलायला काय झालं होतं तुला?"

"चुकलं," एवढंच तो म्हणाला. दादाने त्याला घराबाहेर काढलं. बिचारा टायरच्या दुकानात पंक्चर काढायला लागला.

आजार नेमका कुठून आला हे शोधायला ताईने त्या विषाणूची जनुकं वाचून घेतली. ती पडद्यावर आली आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. चाचणी नीट चालते की नाही हे बघायला प्रयोगशाळा एक जुना विषाणू नळीत भरून फ्रीजमध्ये जपून ठेवते. दादाकडचा विषाणू त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळत होता. ती जुनी नळी दुसऱ्या खोलीत, सगळ्यात शेवटी उघडायची असते. फोनच्या धांदलीत ताईने ती तिथेच, दादाच्या नमुन्यांशेजारी उघडली होती. कोंबड्यांमध्ये फिरणारा विषाणू सारखा बदलत राहतो. इतक्या वर्षांत जराही न बदललेला विषाणू कोंबडीतला नसतो, फ्रीजमधला असतो.

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाले, "'उगम सापडला नाही' असं लिहून टाका. मेलेल्या कोंबड्या काय उठून येणार आहेत?"

"कोंबड्या नाही येणार," ताई म्हणाली, "पण भाऊ तर आहे ना माझा."

तिने खरं तेच लिहिलं आणि तडक टायरचं दुकान गाठलं.

धाकटा काळ्याकुट्ट हातांनी ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होता. ताईने त्याला सगळं सांगितलं. सांगता सांगता ती रडलीही.

"तुझी काहीच चूक नव्हती रे. शिव्या दे मला, हव्या तेवढ्या दे."

त्याने शिव्या दिल्या नाहीत. हातातली ट्यूब त्याने पाण्यातच सोडली.

"कपडे बदलले होते मी, ताई," तो म्हणाला. "चांगलं आठवत होतं मला. पण तू म्हणालीस, तेव्हा वाटलं, मलाच चुकीचं आठवत असेल."