खिडकीखालचं बाक

टक्. मग जरा थांबून पुन्हा टक्. मधल्या बोटाच्या पेरानं लाकडावर दोनदा ठोकायचं, मान डावीकडे कलवायची, डोळे मिटायचे आणि लाकूड काय म्हणतंय ते ऐकायचं, ही माझ्या आईची रीत. दिल्लीच्या हिवाळ्यात धुकं विरून ऊन उशिरा, आळसावत खाली उतरायचं आणि कीर्तीनगरच्या फर्निचर बाजारात पॉलिशचा उग्र वास आणि भुशाचा गोडसर वास एकमेकांत मिसळून हवेत तरंगत राहायचा. त्या उन्हात, मरून शालीतली माझी ठेंगणी आई दुकानामागून दुकान ठोकत चाललेली मला अजून दिसते. एखादा दुकानदार छातीठोकपणे सांगायचा, "माताजी, सॉलिड शीशम है!" ती डोळे उघडायची आणि आपल्या पुणेरी हिंदीत शांतपणे म्हणायची, "शीशम ऊपर ऊपर है, भैया. अंदर कुछ और है." दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. मला मात्र शरमेनं जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं, कारण ती काहीही घेणार नाही हे मला ठाऊक असायचं.

आम्ही लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे बदलीची ऑर्डर कधीही येईल या धास्तीवर आमचं घर सजलेलं, किंवा खरं सांगायचं तर न सजलेलं होतं. दोन लोखंडी ट्रंका शेजारी शेजारी ठेवून वर गादी टाकली की झाला दिवाण. खुर्च्या सरकारी, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर रंगवलेले. आई त्यांवर क्रोशाचे रुमाल टाकायची, पण पंखा लावला की रुमाल उडायचे आणि नंबर पुन्हा डोकावायचे. माझ्या मैत्रिणींकडे सोफासेट होते, काचेची कपाटं होती. मी विचारायची, "आई, आपल्याकडे कधी?" तिचं उत्तर ठरलेलं: "आपल्या घरात." जणू आम्ही राहत होतो ते दुसऱ्याच कुणाचं होतं. गंमत म्हणजे ती बदली कधी आलीच नाही. पंचवीस वर्षं आम्ही निघण्याच्या तयारीत तिथेच बसून राहिलो.

आणि नजर तर अशी होती तिची, की काय सांगू! राज्या-राज्यांच्या एम्पोरियममध्ये शिरली की काश्मिरी कोरीवकामाच्या दर्शनी झगमगाटाकडे ढुंकूनही न पाहता कोपऱ्यातलं एखादं साधं, घाटदार स्टूल नेमकं हुडकून काढायची. खुर्ची आवडली की ती उलटी करायची. "खुर्चीचा खरा चेहरा खालून दिसतो, मीनू. सांधे बघ," म्हणायची, आणि मी भर दुकानात वाकून सांधे बघायची. घरासमोर दिल्ली हाट हा कारागिरांचा बाजार झाल्यावर तर तिला माहेर मिळालं. खुर्जाच्या निळ्या बरण्या, बस्तरच्या धातूच्या मूर्ती, वाळलेल्या गवताच्या काड्यांची बसायची गोल आसनं, म्हणजे मोढे. ती सगळ्यांवरून हात फिरवायची, कारागिरांना गावं विचारायची आणि रिकाम्या पिशवीनं, तृप्त चेहऱ्यानं घरी यायची. त्या सगळ्या वर्षांत तिनं घेतले ते फक्त दोन मोढे. का? तर बदली झालीच तर कुणालाही उचलून देता येतील म्हणून!

बाबांच्या निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली तेव्हा नोएडाच्या पलीकडे एका बिल्डरकडे फ्लॅट बुक झाला. तिथे तेव्हा मोहरीची शेतं होती. हातात आला तो फक्त नकाशा, पण त्यावर गोल शिक्का होता, सही होती, आणि ज्या घरात जन्मभर शिक्क्याच्या कागदावर अन्न शिजलं त्या घराला आणखी काय हवं? बाबांनी नकाशा फायलीत लावला. आईनं तो पाठ केला. सातवीण फुलून साऱ्या कॉलनीला घमघमाट सुटला होता अशा एका दुपारी ती रांगोळीचा डबा आणि शिवणाची टेप घेऊन गच्चीवर गेली आणि नकाशातली बैठकीची खोली खऱ्या मापानं तिथे काढली. दार, भिंत, पूर्वेची मोठी खिडकी. मग वर्तमानपत्रं चिकटवून, कापून तिनं कागदाचं फर्निचर केलं आणि रेघांच्या आत मांडलं. खिडकीखाली एक लांब बाक आलं. ती चपला रेघेबाहेर काढून आत गेली, वळून मला म्हणाली, "अगं, दारातून ये ना!" मी भिंतीतून आले होते. आयुष्यात तिला इतकं हसताना मी क्वचितच पाहिलं.

ते बाक तिनं करवून घेतलं. पहिली वीट रचण्याआधी, कागदावरच्या खिडकीच्या मापानं! अमर कॉलनीत खलीलभाई म्हणून एक सुतार होते, हाडाचे कारागीर, मेंदीनं रंगलेली दाढी आणि तोंडात कायम एक खिळा. आईनं ठोकून ठोकून फळ्या निवडल्या, आणि शेवटच्या फळीवर खलीलभाईंनीही कान लावला, मान डोलावली आणि म्हणाले, "बोलती है, भाभीजी." साडेसात फूट लांब, पाठीला आणि बैठकीला वेताची वीण, हात किंचित वळलेले, नक्षी म्हणून एक रेघही जादा नाही. इतकं देखणं की आमची खोली त्याच्यापुढे ओशाळली. आईनं चारही बाजूंनी फिरून पाहिलं, खाली वाकून सांधे पाहिले, मग जुन्या चादरी शिवून केलेली खोळ त्यावर चढवली आणि नाड्यांच्या गाठी मारल्या.

इथून पुढचं आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. फ्लॅट पुढच्या दिवाळीला मिळणार होता. मग त्याच्या पुढच्या. बाबांनी बिल्डरला पत्रं लिहिली, पत्रांना रिमाइंडर, रिमाइंडरना संदर्भ क्रमांक. उत्तरादाखल हसऱ्या कुटुंबाचं चित्र असलेली भेटकार्डं यायची. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि आम्ही वसुंधरा नावाच्या वसाहतीत भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर आलो. बाक जिन्यात वळेना, म्हणून दोर लावून बाल्कनीतून चढवलं. अर्धी खोली त्यानं खाल्ली. आम्ही त्याला वळसा घालून जेवायचो, त्याच्या कोपऱ्यावर गुडघे आपटायचो, आणि बसायचो मात्र प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. आई आपल्या मोढ्यावर. आलेला पाहुणा खोळीकडे बघून विचारायचा, "ये क्या है?" आई म्हणायची, "नये घर का है."

पुढे मी वेगळी राहू लागले, तरी रोज संध्याकाळी ऑफिसातून तिथे जायची आणि रोज भांडायची. "आई, यार, बस की त्याच्यावर! फर्निचर आहे ते, देव नाही!" ती हसून तूर निवडत राहायची. "तिथे बसू गं. खिडकीखाली." मग तिचं दुखणं निघालं. मोढ्यावरून उठताना ती भिंतीचा आधार घेऊ लागली, उठली की श्वास पुरेना, आणि दोन पावलांवर ते बाक, नेमक्या तिच्या उंचीचं, झाकलेलं. एक दिवस माझा संयम सुटला. मी खोळीच्या गाठी तोडल्या, चादरी ओढून जमिनीवर फेकल्या आणि ओरडले, "बस! आत्ताच्या आत्ता बस!" मेच्या उन्हात शिसवाचा रंग मधासारखा चमकला. आई बाकाकडे पाहत राहिली. क्षणभर मला वाटलं, बसेल. ती उठली, भिंत धरत आली, खाली वाकून चादरी उचलल्या, आणि एकेक गाठ पुन्हा बांधायला लागली. "उगाच मळेल," एवढंच म्हणाली. मी मदत केली नाही. पर्स उचलली आणि दार आपटून निघून आले.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात आई गेली. फ्लॅटची किल्ली त्यानंतर दीड वर्षानं मिळाली.

किल्ली घेऊन बाबा आणि मी गेलो. बाकाची खोळ काढताना तिच्या घडीत मला तो कागद सापडला होता, गच्चीवरचा, वर्तमानपत्रांचा, पिवळा पडलेला. मी तो पूर्वेच्या खिडकीखाली अंथरला. एका बाजूनं नीट भिंतीला लागला, आणि दुसऱ्या बाजूला खांबापाशी मुकाट्यानं वर दुमडला. खांब! नकाशात कुठेही नसलेला सिमेंटचा चौकोनी खांब. बाबांनी फाईल उघडून शिक्क्याचा नकाशा पाहिला, मग खांबाकडे पाहिलं, पुन्हा नकाशाकडे पाहिलं. एका वितेनं चुकलं होतं. फक्त एका वितेनं.

तरी बाक आणलं. दुसरीकडे नेणार कुठे? हमाल गेल्यावर मी दमून त्याच्यावर बसले, इतक्या वर्षांत बसणारी पहिलीच, आणि बैठकीचा वेत कडाकडा मोडून मी सरळ चौकटीत रुतले. उठायचंही सुचलं नाही. तिथेच बसून मी रडले. दुःखानं नाही हो, संतापानं. बिल्डरवर, खांबावर, त्या नकाशावर, आणि सगळ्यात जास्त आईवर.

खलीलभाई आता थकलेत, पण निरोप दिल्यावर मुलाला घेऊन आले. मोडकी वीण बोटांत घेऊन चुरली तर भुगा झाला. "बेंत को बैठना चाहिए, बिटिया," ते म्हणाले. "कोई बैठे, कभी पानी का हाथ फिरे, तब जीता है. ये तो ढका ढका सूख गया." मग खिडकीकडे पाहून बाकाच्या टोकाला वीत लावली आणि हळूच विचारलं, "एक बालिश्त काट दूँ?" मी नको म्हटलं. चार दिवस बसून त्यांनी नवा वेत विणला. बाक आता खिडकीखाली नाही, बाल्कनीच्या दाराला आडवं आहे. दार अर्धंच उघडतं, येणारा-जाणारा तिरका होऊन जातो, कामवाली रोज कुरकुरते. मी आता बाबांसोबत इथेच राहते आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यावर बसवते. चहा सांडला तरी बोलत नाही.

संध्याकाळी एकटी असले की पेरानं त्याच्या हातावर ठोकते. टक्, जरा थांबून टक्. लाकूड उत्तम बोलतं. ते दोन मोढेही अजून आहेत, एकावर आईच्या बसण्याचा खळगा आहे आणि दुसरा कोरा, कालच हाटातून आणावा तसा. त्या कोऱ्या मोढ्याकडे नजर गेली की माझा सगळा राग माझ्याकडेच वळतो. ती बाकावर कधी बसली नाही, म्हणून मी इतकी वर्षं तिच्याशी उभ्याउभ्या भांडले, आणि तिच्या शेजारचा हा मोढा तेव्हाही रिकामाच होता.