पंधरा वर्षांचं माप

“रोजचं रनिंग किती, काका?” शोरूममधल्या मुलीने फॉर्मवर पेन टेकवून विचारलं.

काटेसाहेब विचारात पडले. “म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत?”

“अहो, गाडी रोज किती पळणार, असं विचारतेय ती,” बायको म्हणाली. “तुम्ही नाही.”

त्यांचं आडनाव काटे नव्हतं. एकतीस वर्षं वजन-मापे खात्यात निरीक्षक म्हणून ते तराजू तपासत हिंडले. दोन्ही पारडी समपातळीत आल्याशिवाय त्यांनी कधी शिक्का मारला नाही, म्हणून लोक त्यांना ‘काटा’ म्हणू लागले, आणि वयाबरोबर काट्याचे काटेसाहेब झाले. निवृत्तीला भेट मिळालेल्या घड्याळावरही तेच नाव कोरलं होतं. त्यांनी ते दुरुस्त करून घेतलं नाही, कारण ते घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडायचं आणि एका वेळी एकच तक्रार करावी असा त्यांचा नियम होता.

असा माणूस निवड करायच्या कामाला अगदी निकामी. डिझेलचं पारडं जरा खाली गेलं की हे पेट्रोलच्या पारड्यात काहीतरी टाकायचे. डिझेल चढाला जोर देतं, पण पेट्रोल खडखड करत नाही. डिझेल लांबवर नेतं, पण पेट्रोल थंडीत कुरकुरत नाही. सात महिने घरात हेच चाललं होतं.

“पंपांवर जाऊन आयुष्यभर दोन्ही मोजलंय मी,” ते म्हणायचे. “पाच लिटरच्या मापात दोन्ही पाचच भरतात.”

“लग्नाला बरं पटकन हो म्हणालात?”

“तेव्हा दुसरं पारडंच नव्हतं.”

गाडी फोर व्हील ड्राइव्हच हवी, यावर मात्र वाद नव्हता. बायको आरोग्य खात्याची जीप चालवायची. सव्वीस वर्षं तिने डोंगरावरच्या शेवटच्या दवाखान्यापर्यंत लसींच्या पेट्या पोचवल्या. वरच्या पाच किलोमीटरांत रस्ता असा नव्हताच, रस्ता आहे असा नुसता सरकारचा समज होता. तिथे तिला आता पेट्या न घेता जायचं होतं. वर बसून नुसतं बघायचं होतं. सव्वीस वर्षांत बघायला वेळच झाला नाही म्हणे. काटेसाहेबांना सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं.

“जाऊन-येऊन आठ किलोमीटर,” ते मुलीला म्हणाले. “तेही रोज नाही. दर तिसऱ्या मंगळवारी. हॉस्पिटल.”

मुलीचा आवाज आपोआप खाली आला. “मग पेट्रोलच घ्या ना, काका. डिझेलला छोट्या फेऱ्या सोसत नाहीत. काजळी धरते, फिल्टर तुंबतो. अधूनमधून लांब पळवावीच लागते. आणि गाडी बरीच वर्षं ठेवली तरच डिझेल परवडतं. तुम्ही किती वर्षं ठेवणार?”

फॉर्मवर तसा रकानाच होता.

डॉक्टरांनी दोघांसमोरच सांगितलं होतं, दीड वर्ष, फार तर दोन. घरी येताना काटेसाहेब त्या ‘फार तर’वरच संतापले होते. हे काय माप झालं? असल्या मापाने कुणी दूध विकलं असतं, तर त्यांनी दुकानाला टाळं ठोकलं असतं. दुखणं बायकोचं होतं, पण रस्ताभर तीच त्यांची समजूत घालत होती.

“पंधरा,” बायको म्हणाली.

मुलीने लिहिलं. “मग डिझेल. इथे सही करा, काका.”

फॉर्म त्यांच्या पुढ्यात आला. खोट्या मापाखाली त्यांची सही आजवर झाली नव्हती. सख्ख्या मेहुण्याचा तराजूसुद्धा त्यांनी जप्त केला होता. मेहुणा मग अकरा वर्षं बोलला नाही, आणि बोलला तेव्हा तराजूबद्दलच बोलला.

“अगं, पण पंधरा...” ते हळूच म्हणाले.

“माझ्या भावाचा तराजू उचलून नेलात, तेव्हा मी बोलले होते का काही?”

“नाही.”

“मग आता तुम्ही बोलू नका.”

काटेसाहेबांनी चष्मा पुसला. पेनाचं टोक तपासलं. मग सही केली, आणि हाताच्या सवयीने खाली लिहिलं, ‘तपासले, बरोबर आहे.’

त्यानंतर दर तिसऱ्या मंगळवारी हॉस्पिटलमधून निघाल्यावर बायको घराकडे न वळता डोंगराकडे वळायची.

“आता कुठे?”

“फिल्टर साफ करायला.”

वर दवाखान्याच्या पायरीवर बसून दोघं थर्मासातला चहा प्यायची. फिल्टर इतका साफ राहायचा की मेकॅनिकला संशय आला.

पुढे तिच्या हातांतला जोर गेला, तेव्हा तिने त्यांना गाडी शिकवली. एकोणसत्तराव्या वर्षी. शेजारच्या सीटची पाठ मागे कलवून ती डोळे मिटून पडायची आणि नुसत्या आवाजावरून ओरडायची, “क्लच! अहो, हळू सोडा, पाय आहे तो, शिक्का नाही!”

डॉक्टरांची दोन वर्षं उलटली, त्यावरही ती तीन महिने राहिली. चुकलेल्या मापाबद्दल काटेसाहेबांनी जन्मात पहिल्यांदाच तक्रार केली नाही.

तिसऱ्या वर्षाच्या सर्व्हिसिंगला तीच मुलगी भेटली. काकू गेल्याचं तिला कळलं होतं. जरा घुटमळून ती म्हणाली, “काका, आता एकट्याला एवढी मोठी डिझेल कशाला? बदलून छोटी पेट्रोल घ्या. आम्ही करून देऊ.”

“पंधरा लिहिलंय, मॅडम. तीन झाली.”

“अहो काका, तोवर तुम्ही त्र्याऐंशीचे व्हाल!”

“व्हावं लागेल,” काटेसाहेब म्हणाले. “सही माझी आहे.”

गाडी धुऊन पुसून बाहेर आली होती. धुणाऱ्याने शेजारची सीट सरळ ताठ करून ठेवली होती. काटेसाहेबांनी गाडीच्या कप्प्यातून शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक काढला, दारात वाकून सीटला टेकवला, आणि पाठ हळूहळू मागे नेली. शंभर. एकशे दहा. एकशे बारा.

पुन्हा एकदा मोजून पाहिलं. मग त्यांनी क्लच अगदी हळू सोडला आणि गाडी डोंगराकडे वळवली.