सायकल प्रवासाची फाईल

सुधाकर देवस्थळी घरात फाईल ठेवत असत. कोणालाही वाटेल, विजेची बिलं असतील, नाहीतर विम्याचे कागद. छे. फ्रिज घ्यायचा तर फाईल, लेकीच्या, देविकाच्या लग्नाचा हॉल ठरवायचा तर फाईल. डाव्या अंगाला हिरवट नोटशीट, उजव्या अंगाला कागदपत्रं आणि कोपऱ्यात ओवलेली लेस. एकतीस वर्षं केंद्र सरकारच्या मंत्रालयात काढलेला माणूस तो, कागदावर मांडल्याशिवाय त्याला स्वतःचंच मन कळत नसे. ऑफिसात इंग्रजी नाहीतर हिंदी, म्हणून घरची नोट मात्र हट्टाने मराठीत. शेवटी 'आदेशार्थ सादर' लिहून ती बायकोपुढे ठेवायची आणि संपदाने बहुतेक वेळा न वाचताच खाली 'सहमत' लिहून सही ठोकायची. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये शेवटचा शब्द तिचा, हे फाईलीवर तरी कबूल होतं.

सध्या जी फाईल चालू होती तिचा विषय होता सायकल प्रवास. एकतीस ऑक्टोबरला सुधाकर रिटायर होणार होते. क्वार्टर सोडायचं, सामान ट्रकने मिरजेला पाठवायचं आणि आपण दोघांनी मागून सायकलने जायचं, असा बेत होता. लग्नानंतर दिल्लीला येताना रेल्वेत सुधाकर म्हणाले होते, "परत जाऊ तेव्हा सायकलने जाऊ." नव्या नवरीला खूश करायला बोललेलं वाक्य ते. पण संपदा मुलगी असताना रोज मिरजेहून सांगलीला कॉलेजात सायकलने जायची, त्यामुळे तिने ते खरं धरलं. मग वर्षं गेली तसं त्यांनीही खरं धरलं. दिवसाला पन्नास किलोमीटर, मुक्काम ढाब्याच्या नाहीतर शाळेच्या आवारात तंबू ठोकून, आणि जानेवारीच्या आत घर.

यात एकच गोष्ट सुधाकरना माहीत नव्हती. संपदाला डाव्या बाजूचं दिसत नव्हतं.

मे महिन्यात ती चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून गेली होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याने जवळजवळ काम सोडलंय आणि उजव्याच्याही कडा जाताहेत. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते औषधाने टिकवायचं. कित्येक महिने दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा आणि ती स्वतःलाच वेंधळी म्हणायची, त्याचा उलगडा त्या दिवशी झाला. गाडी चालवू नका, डॉक्टर म्हणाले, सायकलसुद्धा नको. तिने मान डोलावली, घरी आली आणि थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात ठेवून नवऱ्याला सांगितलं की डोळे कोरडे पडतात, एसीमुळे.

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण खरं बोललं की सुधाकर काय करतील ते तिला स्वच्छ दिसत होतं. एका शब्दाने न बोलता ते नोटशीट उघडतील आणि 'प्रस्ताव रद्द' असं लिहितील. मग जन्मभर तिला जपतील. नवऱ्याने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून मागितलेली एकुलती एक गोष्ट, आणि ती आपल्यामुळे मोडायची, हे तिला सोसणार नव्हतं. डोळे पूर्ण जायच्या आत एकदा हा प्रवास होऊन जाऊ दे, मग सांगू, असं तिने ठरवून टाकलं. वेडेपणा होता, आणि तो तिला कळतही होता.

सामानाची निवड सुरू झाली ती दिल्लीच्याच द्वारका भागातल्या श्यामजींच्या दुकानात. लांब पल्ल्याच्या सायकली आणि तंबूबिंबू ठेवणारं ते एक लहानसं, खच्चून भरलेलं दुकान होतं. श्यामजी मूळचे अंबाल्याचे, बोलणं कमी, काम चोख. त्यांनी दोघांना सायकलच्या दांड्यावर पाय फाकून उभं केलं, दांडा आणि माणूस यांत दोन बोटांची फट राहते का पाहिलं, मग सीटची उंची ठरवली. "ॲल्युमिनियम मत लो," ते म्हणाले. "स्टील टूटा तो किसी भी गाँव में वेल्डिंग हो जाएगी." सुधाकरनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. कोपऱ्यात छताला दोन सीटांची एक जोडसायकल टांगलेली होती, कोण्या परदेशी जोडप्याने देश सोडताना ठेवलेली. तिच्याकडे बघून सुधाकर हसले आणि नोटमध्ये लिहिलं, 'गरजेस अनुरूप नाही. दोघांनाही आपापली सायकल येते.'

भांडण झालं ते रंगावरून. सुधाकरनी तंबू निवडला तो शेवाळी, वजनाला हलका, पावसाला पक्का. श्यामजींनी तो दुकानामागच्या गवतावर ठोकून दाखवला. संपदा त्याला वळसा घालायला गेली आणि दोरीत पाय अडकून गुडघ्यावर आली. गवतावर हिरवी दोरी तिला दिसलीच नव्हती. उठली ती सरळ नारिंगी तंबूपाशी जाऊन उभी राहिली. मग जाकीट नारिंगी हवं, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लटकवायच्या थैल्या नारिंगी हव्यात, पाण्याची बाटलीसुद्धा नारिंगीच हवी.

"अगं, तो तंबू पाऊण किलोने जड आहे," सुधाकर म्हणाले. "आणि इतका भडक? आपण काय सर्कस घेऊन निघालोय?"

"मला तोच आवडला."

"झालं. ब्रेक बघितले नाहीत, गिअर बघितले नाहीत. बायकांचं पहिलं लक्ष रंगावर."

ते चेष्टेने म्हणाले आणि श्यामजीही हसले. संपदाच्या जिवाला ते लागलं, पण तिने बाटलीचं झाकण फिरवत बसण्यापलीकडे काही केलं नाही. सुधाकरनी स्वतःसाठी राखाडी जाकीट घेतलं. नोटमध्ये लिहिलं, 'रंगाबाबत सक्षम प्राधिकाऱ्यांचा आग्रह मान्य.'

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला सायकली चालवून बघायचं ठरलं. द्वारकेतले रस्ते त्या वेळी मोकळे असतात. सप्तपर्णी फुलली होती आणि वासाने डोकं जड व्हावं अशी हवा होती. कॅरिअरवर पाण्याच्या बाटल्यांचं वजन बांधून दोघं निघाले. पहिले चार किलोमीटर झकास गेले. संपदाचे पाय सायकल विसरले नव्हते. वारा कानाला लागत होता आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा तिला आपण आजारी आहोत असं वाटलं नाही. सुधाकर मागे होते. दुकानाची गल्ली आली तशी तिने मान जराशी वळवली, डावीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता, आणि हँडल वळवलं.

म्हणजे तिला मोकळा दिसला होता. सुधाकर तिच्या डाव्या अंगाने अगदी बरोबरीला आले होते, गल्ली आली हे सांगायला. तिची भरलेली थैली त्यांच्या हँडलला अडकली आणि ते सायकलसकट फुटपाथच्या कडेवर आडवे झाले.

कोपर सोलवटलं, पँट फाटली, गुडघ्यातून रक्त आलं. श्यामजी दुकानातून धावत आले. "साहब, लेफ्ट से थोड़े ही आते हैं," ते त्यांना उठवत म्हणाले.

"बिल्कुल. गलती मेरी है," सुधाकर म्हणाले. मग संपदाकडे वळून मराठीत, "तुला लागलं नाही ना? चूक माझी झाली. डावीकडून घुसलो. मला कळायला हवं होतं."

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. त्या क्षणाची लाज तिला पुढे कितीतरी दिवस पुरली.

सोमवारी संध्याकाळी सुधाकरनी गुडघ्याला पट्टी बांधलेली असताना टेबलाशी बसून बराच वेळ लिहिलं. मग फाईल तिच्यापुढे ठेवली आणि काठी टेकत असल्यासारखे भिंतीला हात लावत गॅलरीत गेले. या वेळी संपदाने नोट वाचली.

'१. रविवारी झालेल्या चाचणीत निम्नस्वाक्षरीकाराने नियम मोडून डाव्या बाजूने पुढे जाण्याचा प्रयत्न केला व अपघात घडवला.

२. संपदा हिचा यात काडीचाही दोष नाही. तिने वळण्यापूर्वी पाहिले होते.

३. निम्नस्वाक्षरीकाराचे वय झाले आहे, हे त्याने आता मान्य करावे. महामार्गावर असे घडले असते तर तिच्या जिवावर बेतले असते. त्याची कल्पनाही करवत नाही.

४. सबब प्रस्ताव रद्द करावा. तिची माफी मागतो. आदेशार्थ सादर.'

संपदाने पेन हातात घेतलं. 'सहमत' एवढं लिहायचं होतं. लिहिलं की सगळंच सुटत होतं. प्रवास मोडला असता, पण तिच्यामुळे नव्हे. मिरजेला आगगाडीने गेले असते, सावकाश कधीतरी डोळ्यांचं सांगता आलं असतं, आणि त्या रविवारचा हिशोब कोणी मागितला नसता. फक्त सुधाकर उरलेलं आयुष्य स्वतःला म्हातारा आणि धोक्याचा माणूस समजून जगले असते. साठीला आलेला, दोन जिने न थांबता चढणारा माणूस कालपासून भिंत धरून चालत होता. ते तिला दिसत होतं, तेवढं मात्र नीट दिसत होतं.

तिने लिहिलं, 'असहमत.' एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मग त्याखाली लिहीत गेली. 'तुमची चूक नाही. मला डाव्या बाजूचं दिसत नाही. काचबिंदू आहे. मे महिन्यापासून माहीत आहे. फ्रिजमधले थेंब त्याचेच आहेत. डॉक्टरांनी सायकल नको म्हणून सांगितलं होतं. तुमचा बेत मोडू नये म्हणून बोलले नाही. तुम्हाला मीच पाडलं.' सही केली, तारीख घातली, फाईल त्यांच्या खुर्चीत ठेवली आणि पिशवी घेऊन भाजीला निघून गेली. समोर उभं राहून वाचू द्यायची तिची हिंमत नव्हती.

ती परतली तेव्हा फाईल खुर्चीत नव्हती. सुधाकर जेवले, बातम्या लावल्या, झोपले. मंगळवारीही तेच. चहा झाला का, किल्ली कुठे आहे, एवढंच. ती मनातून पार खचली. फक्त बुधवारी सकाळी स्वयंपाकघरात शिरताना तिच्या लक्षात आलं, दाराच्या डावीकडचं स्टूल, ज्याला ती रोज ठेचाळायची, ते जागेवर नव्हतं. बाहेर गॅलरीत नेऊन ठेवलेलं होतं.

टेबलावर फाईल होती. तिच्या मजकुराखाली त्यांनी दोनच शब्द लिहिले होते, 'कृपया बोलावे.' सरकारी कामात साहेब हे कधी लिहितात ते तिला ठाऊक होतं. जे कागदावर नीट मांडता येत नाही, ते समोर येऊन सांगा म्हणून.

ती त्यांच्यासमोर बसली. सुधाकरनी खुर्ची सरकवून तिच्या उजव्या बाजूला घेतली.

"पाच महिने," ते म्हणाले. "रोज सकाळी तुझ्या डावीकडे बसून चहा पितोय मी. मला कळलं नाही. राग तुझा आलाय की माझा, ते दोन दिवस ठरवत होतो."

"सांगितलं असतं तर तुम्ही लगेच रद्द केलं असतं."

"केलं असतं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू."

"मला भीती वाटते हो. उरलंय तेही जाईल, त्याची."

"मलाही वाटते." त्यांनी तिचा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तो नारिंगी रंग..."

"तेवढाच पटकन दिसतो."

सुधाकर ऑफिसला त्या दिवशी गेले नाहीत. दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर आधी तिला बरंच बोलले, मग दोघांचं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, हँडल हातात घ्यायचं नाही, औषध एक दिवस चुकवायचं नाही. कोणी पुढे बसून चालवत असेल तर मागे बसून पाय मारायला माझी हरकत नाही.

रविवारी श्यामजींनी जोडसायकल छतावरून उतरवली. मागच्या सीटची उंची संपदाच्या मापाने बसवली आणि तिला समजावलं, मागचं हँडल पक्कं असतं, वळत नाही, ते फक्त धरायचं. तिने धरून पाहिलं. सगळं आयुष्य वळवायची सवय असलेल्या हातांना ते विचित्र वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, पण हात तिने काढले नाहीत.

सुधाकर आत कपडे बदलायला गेले होते. बाहेर आले ते नारिंगी जाकीट घालून. राखाडी त्यांनी बदलून घेतलं होतं. पोटावर चेन जेमतेम लागली होती आणि चेहरा कमालीचा गंभीर होता.

"अहो, हे काय? सर्कस?" ती म्हणाली.

"तुला मिरजेपर्यंत माझी पाठच दिसणार आहे," ते म्हणाले. "निदान ती तरी दिसू दे."

ते पुढे बसले, ती मागे. कडेची झाडं, दुकानं, माणसं तिला दिसत नव्हती. समोर नारिंगी पाठ होती. तिने पायडल मारलं.