दोन दट्ट्यांची फटफटी

रावजीबुवा कीर्तनाला उभे राहिले की पहिल्या नमनालाच माणसाच्या डोक्यावरचं ओझं कुणीतरी अलगद उतरवून ठेवल्यासारखं वाटायचं. ते सुख सोलापूरला दोन वर्षं मिळालं नव्हतं. बैलगाडी उलटून बुवांच्या कमरेला मार बसला आणि ते आपल्या वडवाडीतच अडकले. गाव अकरा कोसांवर. आवाज शाबूत होता, पाठांतर शाबूत होतं, घरातल्या घरात दोन तास उभं राहून गातही असत. पण गाडीचा एक हिसका बसला की आठ दिवस अंथरूण. टांगा नको, बैलगाडी नको. ‘आता घरातल्या देवापुढंच माझी सेवा,’ असा निरोप त्यांनी धाडला होता.

तात्याबाला तो निरोप काही पचेना. नव्या पेठेमागच्या बोळात त्याचं स्टोव्ह आणि सायकली दुरुस्त करायचं दुकान. बुवांच्या मागं टाळ धरून उभं राहण्यात त्याची सगळी तरणी वर्षं गेलेली. दिवाळीच्या सुमाराला मिलमधला एक साहेब विलायतेला परत जाताना आपली बंद पडलेली फटफटी टाकून गेला, ती तात्याबानं ढकलत घरी आणली. फटफटीच्या बाजूला बसायची एक डोली जोडलेली होती आणि डोलीखाली मऊ स्प्रिंगा. त्या स्प्रिंगा हातानं दाबून बघताना तात्याबाच्या डोळ्यांपुढं बुवाच आले, मांडी घालून बसलेले, मांडीवर वीणा.

पण इंजिनाला नळकांडी दोन, आणि दोन्हींना आपापला कार्बोरेटर. कार्बोरेटर म्हणजे काय, तर पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला घास भरवणारं पितळी भांडं. त्याच्या आत एक दट्ट्या वरखाली होतो आणि किती घास द्यायचा ते ठरवतो. दोन्ही दट्टे बरोबर उचलले तर फटफटी तेलाच्या धारेसारखी चालणार. एक आधी, एक मागाहून, असं झालं की हिसके. आणि हिसकेच बसायचे असले तर मग बैलगाडी काय वाईट होती?

चैत्र लागला. मारुतीच्या देवळात रामनवमीची तयारी सुरू झाली. उत्सवाचे पंच हिंदुराव, त्यांचं पेठेत कापडाचं दुकान. त्यांनी तात्याबाला हटकलं.

“जन्माचं कीर्तन कुणाचं ठेवायचं ते आज सांग. बार्शीचे बुवा यायला तयार हायेत. त्यास्नी व्हय म्हणू का न्हाय?”

“रावजीबुवा येत्यात की.”

“कशात बसून? तुझ्या त्या भंगारात?”

“व्हय, त्यातच.”

“तात्याबा, बाराच्या ठोक्याला पाळणा हलतो. त्या वक्ताला देवळात कीर्तनकार नसला तर रामाच्या जन्माला मी काय, कापडाची थानं मोजत उभा राहू?”

“माजा शब्द हाय, मालक.”

हिंदुरावांनी बार्शीकरांना नको म्हणून कळवलं. आता मागं फिरायची वाटच नव्हती.

नवे भाग मुंबईहून मागवायचे तर ते तात्याबाच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यानं घरचीच अक्कल चालवली. आतली पोकळ पितळी डबी, जी पेट्रोलवर तरंगायची, ती गरम पाण्यात बुडवली. जिथून बुडबुडे आले तिथं कथलाचा थेंब सोडला. सांध्यातल्या कुजलेल्या चकत्यांच्या जागी पाण्याच्या पंपाचं चामडं कातरून घातलं. पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं तिथं स्टोव्हची पिन घालायचा मोह झाला. पण पिनेनं भोक मोठं होतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं टांग्याच्या घोड्याच्या शेपटीचा एक केस मागून आणला आणि त्यानं भोक साफ केलं. सप्तमीला उजवा कार्बोरेटर जोडून झाला. डाव्याचे भाग ताटलीत काढून ठेवले आणि तात्याबा देवळात मांडव घालायला गेला.

परत आला तर अंगणात उन्हाला देवाची भांडी ओळीनं पालथी घातलेली. समई, तबक, पंचपात्र, आणि त्यांच्या शेजारी डाव्या कार्बोरेटरचा दट्ट्या, लखलखीत.

“अंबू! अगं, हे काय केलंस?”

त्याची बायको अंबूबाई हात पुसत बाहेर आली. “का वं? देवाच्या कामाला निघालेलं पितळ काळं न्यायचं व्हय? चिंच लावली, विटेची भुकटी लावली, काथ्यानं लई जोर लावून घासलंय. दोन वेळा!”

“दोन वेळा...” तात्याबा पायरीवर बसला. दट्ट्या त्यानं नळीत घातला. मघाशी बोटानं ढकलावा लागत होता, तो आता खुळखुळ वाजत खाली गेला. “विटेनं अंग झिजलं त्याचं. आता कडेनं हवा घुसणार. उजवा एक बोलंल, डावा भलतंच.”

अंबूबाईचं तोंड उतरलं. पण ती गप्प बसणारी नव्हे. “झिजलं तर चढवा की. भांड्याला मौलासाब कल्हई चढवतो, ह्याला चढत न्हाय?”

तात्याबानं तिच्याकडं पाहिलं, तसाच उठला आणि दट्ट्या मुठीत घेऊन पळाला.

मौलासाब कल्हईवाला चौकात भाता चालवत होता. त्यानं दट्ट्या उलटसुलट करून पाहिला. “क्या तात्या, येत्ते छोटे लोटे में चाय पीते क्या?”

“हसू नगंस, मौलासाब. रावजीबुवाला आणायचंय.”

“बुवा को?” मौलासाबचा भाता थांबला. “फिर पैले बोलना था ना. कित्ती चढाऊं? पतली?”

“वरनं भायेरून, तीन हात.”

दट्ट्या तापला, नवसागराचा पांढरा धूर उठला, कथील चांदीसारखं पसरलं. पुन्हा तापवलं, पुन्हा चढवलं. मौलासाब शेवटी म्हणाला, “अब तो दामाद के जैसा मोटा हो गया.”

आता तो नळीत शिरेनाच. मग तात्याबानं तेलात बारीक राख कालवली आणि दट्ट्या नळीत थोडा थोडा फिरवत बसवायला घेतला. मधेच मान वर करून बायकोला म्हणाला, “ये, आता घास. पर माज्या हाताखाली, हळू.”

“आता कसं गोड लागतंय घासणं!” अंबूबाई म्हणाली.

अष्टमीला जुळवाजुळव. दोन्ही दट्ट्यांखाली एकेक दाभण अडकवलं, दोन्ही दाभणं एका जाडीची. अंबूबाईनं हँडलच्या मुठीजवळची दांडी हळूहळू ओढायची आणि तात्याबानं बघायचं. दोन्ही दाभणं एकदम खाली पडली म्हणजे दट्टे बरोबर उचलले. पहिल्यांदा उजवं पडलं, डावं लोंबत राहिलं. तात्याबानं डाव्या दट्ट्याला ओढणाऱ्या तारेचा स्क्रू अर्धा आटा फिरवला. मग डावं आधी. मग पाव आटा माघारी. अठराव्यांदा एकच आवाज झाला, टण्!

“पडली! दोनी पडली!” अंबूबाई ओरडली, आणि शेजारच्या मथुराबाई कुणाच्या घरात काय पडलं म्हणून धावत आल्या.

नवमीला पहाटे तांबडं फुटायला तात्याबा निघाला आणि दिवस वर येतो तोवर वडवाडीत पोहोचला. अर्धं गाव फटफटीभोवती. दारात कोंडीबा, बुवांचा भाऊ, हात आडवे लावून उभा.

“दादाची कंबर मोडायला आलाय का रं? ह्यात न्हाय बसायचं!”

तात्याबा हात जोडून काही बोलणार, तोच आतून बुवांचा आवाज आला. “कोंडीबा, गप. तात्याबा, यंत्र बंद करू नगंस.”

बुवा भिंतीला धरत ओसरीवर आले आणि डोळे मिटून ऐकत उभे राहिले. गाव चिडीचूप. फटफटी फटफटत होती.

“तुजा एक टाळकरी मागं ओढतोय.”

“न्हाय बुवा, काल बरोबर केलंय.”

“काल केलं असशील. अकरा कोस पळून आज ढिला पडला. डावीकडचा.”

नवी कल्हई वाटेत घासून बसली असणार, हे तात्याबाच्या लगेच ध्यानात आलं. त्यानं पक्कड काढली. हे मात्र दाभणाचं काम नव्हतं. बुवांनी टाळी धरली आणि ओसरीवरूनच सांगू लागले.

“थोडं वर... अजून... अजून. थांब! जास्त झालं, माघारी. केसभर. आता उजव्याचं तोंड बंद कर, डाव्याला एकट्याला बोलू दे... व्हय. आता दोघं मिळून.”

आणि फटफटीचा आवाज बदलला. आधी दोन माणसं भांडल्यासारखी बोलत होती, आता एकाच गळ्यातून सूर निघत होता. बुवांनी डोळे उघडले.

“कोंडीबा, वीणा आण.”

डोलीत गोधडीची घडी, तिच्यावर बुवा, मांडीवर वीणा. पहिला कोस तात्याबानं मान वळवून वळवून त्यांच्याकडं बघत काढला. दुसऱ्या कोसाला बुवा म्हणाले, “रस्ता बघ, मला काय बघतोस?” चौथ्या कोसाला गाऊ लागले. वाटेतल्या मेंढ्यांचा कळप एका अंगाला सरला, आणि मेंढक्यांनी घोंगडी सावरून हात जोडले.

साडेदहाला देवळापुढं फटफटी थांबली. हिंदुराव पायऱ्यांवर येरझाऱ्या घालत होते. बुवांनी कुणाचा हात घेतला नाही. डोलीच्या कडेला धरलं, क्षणभर थांबले, आणि उभे राहिले. मागं टाळ घ्यायला तात्याबा धावला तो तसाच, हाताला काळं, कपाळाला धूळ.

त्या दिवशीचं कीर्तन ज्यांनी ऐकलं त्यांना काय सांगावं, आणि नाही ऐकलं त्यांना काय सांगावं! पूर्वरंगात बुवा तासभर बोलले आणि एकदाही खांबाला टेकले नाहीत. बाराच्या ठोक्याला पाळणा हलला, गुलाल उधळला, मथुराबाई रडल्या, मौलासाब देवळाच्या पायरीशी डोळे मिटून उभा होता, आणि हिंदुराव उपरण्यात तोंड लपवून हुंदके देत होते.

सुंठवडा वाटून झाला. हिंदुरावांनी खाट मागवली.

“बुवा, जरा आडवं व्हा. कंबर दमली असंल.”

“आडवा दोन वर्सं झालो,” बुवा म्हणाले. “तात्याबा, हिकडं ये. करमाळ्याला कमळाभवानीपुढं माजी सेवा राहून गेली हाय. टेंभुर्णीवरनं सडक बरी हाय म्हणत्यात.”

“करमाळा?” हिंदुरावांचा घास तोंडातच राहिला. “ते किती लांब!”

“मी हिंदुरावाला न्हाय इचारलं,” बुवा म्हणाले. “तात्याबाला इचारलं.”

तात्याबानं सुंठवड्याची वाटी खाली ठेवली, खिशातून पक्कड काढली आणि फटफटीकडं निघाला. मागून अंबूबाईचा आवाज आला, “अवं, आदी जेवा तरी!”